नाण्याचे खेळ आणि मुलांचें शिक्षण

आर्केड या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे दुकानांत उभें राहून नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रखेळांपासून मुलांस कांहीं शिकावयास मिळतें काय, असा प्रश्न निघाला कीं सुशिक्षित पालकांत दोन तट पडतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पडद्यावरील ठिपक्यांच्या मागें धांवण्यांत डोळे आणि पैसा यांच्या नाशापलीकडे कांहींएक साधत नाहीं. दुसरा पक्ष अधिक आधुनिक असतो; तो म्हणतो, या खेळांनीं हाताला चपळाई येते, नजर तीक्ष्ण होते, हात आणि डोळा यांचा मेळ बसतो. मला या वादांत चमत्कारिक वाटतें तें हें कीं, दोन्ही पक्षांनीं खेळ पाहिलेला नसतो. खेळणारा मुलगा तेवढा पाहिलेला असतो. बाहेरून पाहणारास हात हालतांना दिसतो, डोळे विस्फारलेले दिसतात. म्हणून एकानें हाताडोळ्यांची हानि सांगितली आणि दुसऱ्यानें त्यांचाच लाभ सांगितला. कादंबरी वाचीत बसलेल्या मनुष्याकडे दुरून पाहून, पानें उलटल्यानें बोटांस व्यायाम होतो कीं शीण येतो याची चर्चा करावी, तसलाच हा प्रकार. पुस्तकावर टीका लिहावयाची तर आधीं पुस्तक वाचलें पाहिजे, हा आमच्या धंद्याचा साधा नियम आहे. तो या खेळांस लावून पाहण्यास हरकत नसावी.

या खेळांचा इतिहास फार जुना नाहीं. १९७२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें ‘पाँग’ नांवाचें यंत्र काढलें. ॲलन अल्कॉर्न यांनीं रचलेलें हें यंत्र कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत प्रथम मांडण्यांत आलें. थोड्याच दिवसांत तें बंद पडल्याची तक्रार आली, आणि पाहतात तों नाण्यांची पेटी तुडुंब भरल्यामुळें यंत्र अडलेलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढें १९७८ मध्यें जपानच्या टाइटो कंपनीकरितां तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’, आणि १९८० मध्यें नामको कंपनीकरितां तोरु इवातानी यांनीं ‘पॅकमॅन’ तयार केला. खेळ जसे पसरले तसा त्यांच्याविरुद्ध गिल्लाहि झाला. फिलिपाइन्समध्यें मार्कोस यांच्या राजवटीनें १९८१ सालीं त्यांवर बंदी घातली. टेक्सासमधील मेस्किट शहरानें सतरा वर्षांखालील मुलांस पालकांवांचून अशा जागीं येण्यास मज्जाव केला, आणि त्या वादाचा निकाल १९८२ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारी मुख्य आरोग्याधिकारी, एव्हरेट कूप यांनीं हे खेळ मुलांस अपायकारक असल्याचें सांगितलें. आणि लगेच दुसऱ्या दिवशीं, हें आपलें वैयक्तिक मत असून त्यास शास्त्रीय पुरावा नाहीं, असा खुलासाहि केला. वडील मंडळींच्या या गडबडीचें मला नवल वाटत नाहीं. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनीं १९४२ मध्यें पिनबॉलचीं यंत्रें हातोड्यांनीं फोडविलीं होतीं, आणि ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. नाणें गिळणाऱ्या यंत्रापुढें मूल उभें दिसलें कीं जुगाराची आठवण होते, आणि ती सर्वस्वी निराधार असते असेंहि नाहीं.

आतां ‘पॅकमॅन’ हा खेळ आपण एखाद्या ग्रंथाप्रमाणें वाचून पाहूं. पडद्यावर एक चक्रव्यूह आहे. त्याच्या वाटांवर २४० लहान व ४ मोठे ठिपके मांडलेले आहेत. पिवळ्या वाटोळ्या नायकानें ते सर्व खावयाचे, आणि चार भुतांच्या तावडींत सांपडावयाचें नाहीं. नवख्यास एवढेंच दिसतें. चारी भुतें सारखींच, केवळ रंगानें निराळीं, असें त्याला वाटतें. प्रत्यक्षांत रचनाकारानें प्रत्येकास स्वतंत्र स्वभाव दिला आहे. तांबडें भूत सरळ पाठीस लागतें. गुलाबी भूत नायक जेथें आहे तेथें येत नाहीं. तो ज्या दिशेस तोंड करून चालला आहे त्या दिशेनें चार घरें पुढची जागा तें धरूं पाहतें. म्हणजे तें पाठलाग करीत नाहीं, वाट अडवितें. निळ्याचें धोरण नायकाचें स्थान आणि तांबड्या भुताचें स्थान या दोहोंवर अवलंबून असल्यामुळें तें सर्वांत दुर्बोध. नारिंगी भूत दुरून मोठ्या आवेशानें चालून येतें, पण आठ घरांच्या आंत आलें कीं माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे वळतें. (असे वीर सभासंमेलनांतूनहि आढळतात.) शिवाय मधून मधून चारी भुतें पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे निघून जातात; बाजूच्या बोगद्यांत शिरलीं कीं त्यांची चाल मंदावते; नायकानें मोठा ठिपका खाल्ला म्हणजे तीं भिऊन पळूं लागतात, आणि तेवढ्या अवधींत त्यांना एकामागून एक गिळलें तर २००, ४००, ८००, १६०० असे दुपटीनें गुण मिळतात. हा अवधि पुढच्या फेऱ्यांत आखडत जातो.

यांतलें फारच थोडें यंत्रावर लिहिलेलें असतें. बाकीचें दहा वर्षांच्या मुलानें स्वतः शोधून काढावयाचें. आणि शोधण्याची वाट एकच. पाहावें, अटकळ बांधावी, त्या अटकळीवर आपला एक जीव लावावा, आणि ती खोटी ठरली तर मुकाट्यानें टाकून द्यावी. गुलाबी भूत मागून येत नाहीं, समोरून येतें, एवढी गोष्ट ध्यानांत येण्यापूर्वीं मुलगा कितीदां तरी मेलेला असतो. पण एकदां ती ध्यानांत आली म्हणजे तो त्या भुताला चकवावयास मुद्दाम क्षणभर उलट तोंड फिरवितो, आणि भूत दुसरीकडे वळतें. ज्या मुलानें हें केलें त्यानें नियम शोधला, त्या नियमावरून भाकीत केलें आणि भाकीत कसोटीस लाविलें. विशेष उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाण्याच्या या क्रियेला आम्ही तर्कशास्त्राच्या वर्गांत विगमन म्हणतों. पदवीच्या विद्यार्थ्यास तिची व्याख्या तोंडपाठ असते. क्रिया येत असेलच, अशी खात्री मला इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरहि देतां येत नाहीं.

या विषयावर ग्रंथ झाले नाहींत असें नाहीं. मार्टिन एमिस या इंग्रज कादंबरीकारानें १९८२ मध्यें ‘इन्व्हेजन ऑफ द स्पेस इन्व्हेडर्स’ हें पुस्तक लिहिलें. तें चटकदार आहे. पण त्याचा बराच भाग गुण कसे वाढवावे याच्या युक्त्यांनीं भरलेला, आणि एकंदरींत तें नादीं लागलेल्या मनुष्याचें पुस्तक आहे, शिक्षकाचें नव्हे. पुढच्याच वर्षीं डेव्हिड सडनाउ यांचें पुस्तक निघालें. हे समाजशास्त्रज्ञ आणि पियानोवादकहि. पियानोवर जॅझ शिकतांना हात कसा शिकतो यावर त्यांनीं आधीं एक ग्रंथ लिहिला होता. मग ‘ब्रेकआउट’ या एकाच खेळावर सबंध पुस्तक लिहिलें. चेंडूनें विटांची भिंत फोडावयाच्या खेळावर इतकें लिहिण्यासारखें काय असावें, असें पुस्तक हातीं घेतांना वाटतें. तरी तें सरस उतरलें आहे, कारण लेखक हाताला बुद्धीहून निराळा मानीत नाहीं. १९८४ सालचा पॅट्रिशिया ग्रीनफील्ड या मानसशास्त्रज्ञ विदुषींचा ‘माइंड अँड मीडिया’ हा ग्रंथ आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा. खेळाचे नियम आधीं सांगितलेले नसतात, ते निरीक्षणानें काढावे लागतात, आणि एकाच वेळीं अनेक गोष्टींचें व्यवधान ठेवावें लागतें, या मुद्द्यांकडे त्यांनीं लक्ष वेधलें. चहूंकडे आरडाओरड चालली असतां हें शांत विवेचन आलें, हें त्याचें मोठें श्रेय होय.

परंतु ‘पॅकमॅन’ची दुसरी बाजूहि आहे. या यंत्रांत दैव नाहीं. खेळणारानें तींच वळणें त्याच क्षणीं घेतलीं तर भुतें हुबेहूब तशींच वागतात. हें कळतांच अमेरिकेंत ठराविक वाटांचे नकाशे छापलेलीं पुस्तकें बाजारांत आलीं, आणि मुलें त्या वाटा घोकूं लागलीं. ज्यानें वाट स्वतः शोधली त्याची विद्या आणि ज्यानें ती पुस्तकावरून पाठ केली त्याची विद्या गुणफलकावर सारखीच दिसते; किंबहुना दुसऱ्याचेच गुण अधिक भरतात. उत्तरपत्रिका तपासण्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हें दुःख नवें नाहीं. आमच्या इकडे त्या पुस्तकांना गाइड म्हणतात. या पाठांतराच्या बळावर फार दूर जातां येतें, तेंहि एका मर्यादेपर्यंतच. २५६ व्या फेरींत पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या व चिन्हांच्या केरकचऱ्यानें भरून जातो, आणि फेरी पुरी करतांच येत नाहीं. कारण फेऱ्यांची संख्या यंत्राच्या स्मृतींत ज्या लहानशा कप्प्यांत ठेवली आहे त्यांत २५५ हून मोठा आंकडा मावत नाहीं. तेथवर कोणी पोहोंचेल अशी रचनाकारांची कल्पनाच नसावी.

‘स्पेस इन्व्हेडर्स’विषयीं थोडक्यांत सांगतां येईल. पांच रांगांत अकरा अकरा असे ५५ शत्रु. ते जसजसे मरतात तसतसे उरलेले अधिक वेगानें चालूं लागतात. याचें मूळ गमतीचें आहे. त्या वेळच्या संथ यंत्राला इतकीं चित्रें हालविण्यास वेळ लागे. चित्रें कमी झालीं कीं तें आपोआप भराभर काम करी. निशिकादो यांनीं हा प्रकार दुरुस्त न करतां तसाच ठेवला, आणि खेळाला रंग चढला.

मला ज्या खेळाविषयीं सर्वांत अधिक आदर आणि थोडें भयहि वाटतें तो मात्र ‘मिसाइल कमांड’. अटारी कंपनीच्या डेव्ह थ्यूरर यांनीं तो १९८० मध्यें रचला. तळाशीं सहा शहरें. त्यांच्या रक्षणास तीन ठाणीं. प्रत्येक ठाण्यांत दहा अस्त्रें. आकाशांतून शत्रूचीं अस्त्रें रेघा ओढीत खालीं येतात, आणि तीं वरच्यावर फोडावयाचीं. अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यांतील अणुयुद्धाचें भय घरोघर होतें त्या काळचा हा खेळ. तो तयार करीत असतां अणुस्फोटाचीं दुःस्वप्नें आपणांस पडत, असें थ्यूरर यांनींच सांगितलें आहे. या खेळांत जय नाहीं. फेरीगणिक हल्ला वाढतो, एकेक शहर जळतें, आणि सर्व गेलीं म्हणजे इतर यंत्रांवर ‘खेळ संपला’ असें जेथें उमटतें तेथें येथें नुसता ‘शेवट’ अशा अर्थाचा शब्द येतो. शोकान्त नाटक मुलांस दाखवावें कीं नाहीं याचा ऊहापोह आम्ही वर्षानुवर्षें करीत आलों. त्यांनीं एका नाण्यांत तें पाहिलें, आणि पुन्हां पाहण्यासाठीं दुसरें नाणें काढलें.

यांत मूल शिकतें तें नेमबाजीहून वेगळें आहे. अस्त्रें तीसच; तीं सर्वत्र पुरत नाहींत. तेव्हां कोठें मारावें यापेक्षां कोठें मारूं नये, हा खरा प्रश्न. कडेच्या शहराकडे येणारी रेघ ओळखून तिच्यावर अस्त्र न टाकणें, डोळ्यांदेखत तें शहर जळूं देणें आणि मधलीं दोन राखणें, हा निर्णय चांगला खेळणारा मुलगा पापणी न लववितां घेतो. साधनें अपुरीं असतां विवेक कसा करावा, याचा याहून स्पष्ट धडा मला कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत आढळला नाहीं. पण तोच धडा दुसऱ्या अंगानें पाहावा. फेरी संपतांच उरलेल्या शहरांचे गुण मोजले जातात. गेलेल्यांचा उल्लेख नाहीं. ठराविक गुण भरले कीं जळलेलें शहर बक्षीस म्हणून पुन्हां उभें राहतें. शहर म्हणजे गुणांचा एक आंकडा, असें मानण्याची संवय याच खेळांत लागते. मुलास यांतला कोणता धडा मिळेल हें यंत्रावरून सांगतां येत नाहीं. तें त्याच्याभोंवतीं कोण उभें आहे, आणि तेथें काय बोललें जातें, यावर पुष्कळ अवलंबून आहे, असें माझें मत आहे.

बोलण्यावर मी इतका भर कां देतों तें सांगितलें पाहिजे. खेळांत शिकलेलें खेळाबाहेर उपयोगीं पडतें काय, हा शिक्षणशास्त्रांतील जुना वाद. थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनीं १९०१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एका तऱ्हेच्या आकृतींचें क्षेत्रफळ अजमावण्याचा सराव झालेल्या माणसांस दुसऱ्या तऱ्हेच्या आकृति दिल्या, तेव्हां त्या सरावाचा लाभ फारच थोडा दिसून आला. लॅटिन शिकल्यानें बुद्धि सर्वच विषयांत धारदार होते, या युरोपीय समजुतीला त्या प्रयोगांनीं हादरा दिला. गणिताविषयींची आमची समजूत अद्याप तशीच उभी आहे. अलीकडे २००३ मध्यें ग्रीन आणि बॅव्हेलियर यांनीं ‘नेचर’मध्यें असें दाखविलें कीं, वेगवान मारधाडीचे खेळ खेळणारांचें दृष्टीचें अवधान अधिक व्यापक असतें, आणि न खेळणारांसहि सरावानें तें कांहीं अंशीं वाढवितां येतें. हा शोध महत्त्वाचा खरा. परंतु ज्यांच्यावर प्रयोग झाला ते वयानें मोठे झालेले तरुण होते, आणि जें वाढलें तें दृष्टीचें अवधान होय, विचार नव्हे. ‘पॅकमॅन’ खेळणारा मुलगा त्यामुळें भूमितींत पुढें येईल असें मी म्हणणार नाहीं. तळहातांत राहिलेलें ज्ञान तळहातांतच राहतें. ‘येथें वळूं नको, कारण गुलाबी तिकडून येईल’ या वाक्यांतलें ‘कारण’ ज्या मुलाच्या तोंडून निघालें, त्याचें ज्ञान मात्र हातांतून बाहेर पडूं लागलें.

हें ‘कारण’ मुलाच्या तोंडून काढतें कोण? मोठी विचित्र गोष्ट अशी कीं, तें काम नाण्यानें केलें. यंत्राचा स्वार्थ उघड आहे. खेळणारा लवकर हरला तरच पुढचें नाणें पडणार. म्हणजे शिष्याच्या नापास होण्यावर ज्याचें पोट भरतें असा हा गुरु. ‘पॅकमॅन’च्या पेटींत लहान खटके असतात, एका खेळास एक, दोन, तीन कीं पांच जीव द्यावयाचे हें दुकानदारानें ते फिरवून ठरवावयाचें. ‘अमक्या दुकानांतलें मशीन लबाड आहे’ असें मुलें म्हणत, तें अक्षरशः खरें असूं शके. पण नाणें दुर्मिळ म्हणून मुलगा खेळण्यापूर्वीं विचार करी. आणि नाणें दुर्मिळ म्हणूनच एका खेळणाराभोंवतीं दहाजण नुसते उभे राहत.

आपल्याकडे मुंबई-पुण्यांत आणि पुढें लहान शहरांतहि, १९८० व १९९० या दशकांत व्हिडिओ गेमचीं पार्लरें निघालीं. जागा अंधारी, यंत्रें जुनीं, पंखा असला तर असला. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ आमच्या मुलांनीं त्यांतील एका पात्राच्या नांवावरून ‘मुस्तफा’ म्हणून आपलासा करून टाकला. मूळ नांव पुष्कळांस ठाऊकहि नसे. हा तिघांस मिळून खेळतां येई. वाटेंत मधून मधून खाण्याचे जिन्नस मिळत, आणि ते उचलले कीं खेळणाराची शक्ति भरून येई. ते कोणीं उचलावे याविषयीं यंत्र मुकें. जो पुढें होईल त्याचे. ज्याची शक्ति संपत आली त्याला ते सोडावे, हा शिष्टाचार मुलांनीं आपसांत ठरविलेला मीं पाहिला आहे. आणि तो मोडणाराला पुढच्या वेळीं कोणी जोडीस घेत नसे. कंपनीनें हा नियम लिहिला नव्हता, शाळेनें शिकविला नव्हता.

तथापि माझें लक्ष अधिक वेधीत तें पाठीमागें उभ्या असलेल्या मुलांकडे. त्यांत एखादा तरी असा असे कीं ज्याच्या खिशांत कॉइन कधींच नसे, आणि त्यालाच सर्वांत अधिक कळत असे. तो दुसऱ्यांचे शेंकडों डाव पाहून शिकलेला. त्याला हात लावावयास मिळत नसल्यामुळें जें कळलें तें बोलून दाखविण्यावांचून त्याला गत्यंतर नव्हतें. आणि खेळणाराला क्षणाचीहि उसंत नसल्यामुळें तें थोडक्यांत, वेळेवर आणि कारणासह बोलावें लागे. चुकीचा सल्ला दिला तर दुसऱ्याचें कॉइन बुडे, आणि त्याचा जाब तेथल्या तेथें द्यावा लागे. वर्गांत हीच मुलें उत्तर देण्यास उभीं राहिलीं कीं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाहीं, हें मी शिक्षकाच्या नात्यानें जाणतों, आणि त्याचा दोष मुलांवर टाकण्यास माझें मन घेत नाहीं.

पुढें यंत्र घरीं आलें, आणि मग तें हातांतल्या फोनमध्यें शिरलें. मॉलमधील गेम झोनमध्यें आतां कार्ड घासावें लागतें. त्यांतून किती गेले तें मुलाच्या मुठीला कळत नाहीं. जुने खेळ आजहि संगणकावर फुकट खेळावयास मिळतात, जीव संपले कीं बोट टेकावें आणि पुन्हां सुरू करावें. चूक स्वस्त झाली, तीमागचा विचार पातळ झाला. पाठीमागें उभीं राहणारीं मुलें तर नाहींशींच झालीं. कानांत बोंडें घालून एकटा बसलेला मुलगा ‘पॅकमॅन’ खेळत असला तरी तो तोच खेळ खेळतो आहे असें मला वाटत नाहीं, जरी भुतांचे स्वभाव एका घराचाहि फरक न होतां तसेच आहेत.

या खेळांस परवानगी द्यावी कीं न द्यावी, असें पालक मला पुष्कळदां विचारतात. तुमचा मुलगा कोणत्या खेळांत, कितव्या फेरींत हरतो, आणि कां हरतो असें तो म्हणतो, एवढें मी त्यांस उलट विचारतों. बहुतेकांस खेळाचें नांवहि सांगतां येत नाहीं. तो किती वेळ खेळतो, तें मात्र मिनिटांसह ठाऊक असतें.